गवतात लपलेले खूर

बाबांनी एका मंगळवारी जेवता जेवता सांगितलं की उद्या सकाळच्या गाडीने खानदेशात जायचं, हनोखकाकांकडे. आई वाढता वाढता थांबली. आमच्या मुंबईच्या घरात हे नाव चौदा वर्षांत कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. साठीच्या दशकाचा शेवट होता, मी एकवीस वर्षांची होते, आणि दोन महिन्यांनी आई-बाबा कायमचे इस्रायलला जाणार होते. बाबांना जायच्या आधी थोरल्या भावाला भेटायचं होतं. बरोबर मी, कारण आई म्हणाली, "मी त्या घरी जाऊन उपाशी बसणार नाही."

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. घरात तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कालवणावरून भांडणं व्हायची नाहीत, कारण तिसऱ्या आम्हाला चालतच नाहीत. मासा असेल तर त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. जनावर असेल तर खूर दुभंगलेला हवा आणि ते रवंथ करणारं हवं. दोन्ही खुणा असल्या तरच कोशेर, म्हणजे खायला चालणारं. आणि तेसुद्धा शोहेताने, म्हणजे धर्माच्या रीतीने जनावर कापणाऱ्याने, कापलेलं. माझे बाबा शोहेत होते. आजोबाही होते, आणि त्यांनी दोन्ही मुलांना सुरी धरायला शिकवलं होतं. थोरला पुढे रेल्वेत गार्ड होऊन खानदेशात गेला, धाकटा मुंबईत शोहेत झाला.

भांडण झालं ते एका फोटोवरून. दुष्काळाच्या एका वर्षी काकांनी पत्र पाठवलं. त्यांच्या स्टेशनाजवळ शिकाऱ्यांच्या जाळ्यात एक रोही जिवंत सापडली होती. रोही म्हणजे नीलगाय. काकांनी लिहिलं होतं की दोन्ही खुणा पाहिल्या आणि मगच हात लावला, कितीतरी महिन्यांनी घरात मांस शिजलं. सोबत रेल्वेच्या कुणा साहेबाने काढलेला फोटो होता. त्यात काका उभे, शेजारी दोरीने बांधलेलं जनावर. मादी होती, त्यामुळे शिंगं नाहीत. लांब मान, उतरती पाठ. पाय गुडघ्यापर्यंत गवतात. ज्याने कधी नीलगाय पाहिली नाही त्याला तो घोडाच वाटेल, आणि मुंबईत कोणीच पाहिली नव्हती. चार वडीलधारी माणसं बाबांकडे आली, फोटो हातोहात फिरला, आणि बाबांनी निर्णय दिला: एकखुरी जनावर, निषिद्ध. कुणीतरी पत्रातल्या ओळीची आठवण करून दिली तेव्हा बाबा म्हणाले होते, "भूक लागली की माणसाला खुणा हव्या तशा दिसतात."

त्यानंतर माझ्या ताईच्या लग्नात काका आले, तेव्हा पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. निषिद्ध खाल्लेल्या माणसाशेजारी बसू नये असं आमच्या धर्मात कुठेही लिहिलेलं नाही. ते आम्ही इथेच शिकलो, आजूबाजूला बघून. काका पाणीसुद्धा न पिता उठले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. बाबा त्या वेळी दारात उभे होते. ते आत किंवा बाहेर कुठेच हलले नाहीत, हे मला लहान असूनही आठवतं.

तर बुधवारी सकाळी आम्ही निघालो. बाबांच्या हातात पाच खणांचा पितळी डबा होता: चपात्या, सुकी बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, चटणी, खजूर. चार दिवस पुरेल इतकं. शिवाय एक ताट, एक पेला आणि अंडी उकडायला एक लहान पातेलं. मला लाज वाटत होती, आणि ती मी लपवली नाही. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

कसारा घाटानंतर हवा कोरडी होत जाते. मनमाड सोडलं की दोन्हीकडे काळी जमीन आणि वेचणी संपत आलेली कपाशी. हिवाळ्यातच जा, मी आजही सांगते, आणि शाल घ्या. खानदेशची थंडी आम्हा मुंबईकरांना ठाऊक नसते. चाळीसगावला उतरून धुळ्याची शाखेची गाडी पकडायची होती. तिला दोन तास अवकाश होता. स्टेशनाबाहेरच्या मैदानात परराज्यातून आलेल्या मेंढपाळांचे उंट बसले होते, तोंडं हलवत. लहानपणी बाबा मला हे सगळं गोष्टीसारखं शिकवायचे. उंट रवंथ करतो, पण त्याच्या पायाला गादी. डुकराचा खूर दुभंगलेला, पण ते रवंथ करत नाही. ससा, साळिंदर, घोरपड यांचा प्रश्नच नाही. त्या दिवशी मी मुद्दाम उंटांकडे बोट दाखवून म्हटलं, "बाबा, यांचे पाय तरी दिसतायत." 

बाकावर आमच्या शेजारी धुळ्याचे एक मारवाडी व्यापारी बसले होते, जैन. त्यांच्याकडेही घरचा डबा आणि उकळलेल्या पाण्याचा तांब्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून ते तिथेच डबा उघडून बसले. बाबांची आणि त्यांची पाच मिनिटांत गट्टी जमली. कंदमूळ का नाही, खवल्याशिवाय मासा का नाही, दोघंही एकमेकांचं ऐकून मान डोलवत होते. मग त्यांनी आमचा डबा पाहिला आणि किती दिवसांचा प्रवास म्हणून विचारलं. बाबांनी सांगितलं की तासाभराचाच राहिलाय, भावाकडे चाललोय.

"सख्ख्या भावाकडे चाललात," ते म्हणाले, "आणि डबा बरोबर?"

विचारताना त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरचं नवल होतं. बाबांनी डबा पायाजवळून उचलून मांडीवर घेतला.

जामद्याच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर काका उभे होते. निवृत्त होऊनही ते तिथेच राहिले होते, दोन खोल्यांचं घर बांधून. बाबांपेक्षा उंच, केस पूर्ण पांढरे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बाबांच्या हातातली पिशवी घेतली. डबा घ्यायला हात पुढे केला, तो काय आहे ते लक्षात आलं, आणि हात मागे घेतला.

काकींनी परसात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली होती. हिरवी, लांबट, खानदेशातली. भाजलेली वांगी लाकडी भांड्यात ठेचून, वर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. तुम्ही हॉटेलात जे भरीत खाता ते विसरा. काकींनी चार ताटं मांडली. बाबांनी आपलं ताट काढलं, डबा उघडला आणि त्यातली चपाती खाल्ली. काकींनी चौथं ताट रिकामं होतं तसं उचललं, धुतलं आणि फळीवर ठेवलं.  मी मात्र भरपूर जेवले. बाबांना मी गाडीतच सांगून टाकलं होतं की माझं पोट मी सांभाळीन.

जेवण झाल्यावर मी भांडी घासायला काकींबरोबर बसले. त्यांची दुधाची भांडी वेगळ्या फळीवर होती, मांसाची वेगळ्या; दूध आणि मांस एकत्र येऊ द्यायचं नाही, हाही आमचा नियम. मी विचारलं, मांस इथे मिळतं कुठे? त्या म्हणाल्या, सणाला एखादा बोकड, काका स्वतः कापतात, नाहीतर वर्षभर भाजी-भाकरीच. बाजारातलं त्यांनी कधी घरात येऊ दिलं नाही. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी फक्त "हं" केलं.

गुरुवारी सकाळी काकांचे शेजारी दगाआबा बैलगाडी घेऊन आले. सत्तरीचे शेतकरी, डोक्याला मळकं पागोटं. पाहुण्यांना गिरणेच्या पाटाचं पाणी दाखवायचं म्हणून त्यांनी आम्हाला बसवलं. काका आले नाहीत. वाटेत हरभऱ्याचं शेत लागलं. पाटाचं पाणी झिरपून बांधाची माती ओली झाली होती, आणि तिच्यात ठसे होते. आबा वैतागून म्हणाले की रोही रात्री येऊन हरभरा खाऊन गेल्या.

बाबा गाडीतून उतरले. धोतर सावरून ओल्या मातीत बसले. ठसा हाताच्या तळव्याएवढा होता. मधोमध सरळ चीर, दोन्ही बाजूंना दोन टोकदार अर्धुकं. बाबांनी त्या चिरेतून बोट फिरवलं. मग शेजारचा ठसा पाहिला, मग त्याच्या पुढचा. असे त्यांनी दहा-बारा तरी पाहिले असतील. उठले तेव्हा त्यांचे गुडघे मातीने भरले होते.

"जनावर दिसेल का?" त्यांनी आबांना विचारलं.

आबांनी गाडी बांधाबांधाने नेली आणि दूर आंब्याकडे बोट केलं. "ते देखा, सावलीमा बठेल शेतस."

पाच-सहा होत्या. एक निळसर राखाडी नर, बाकी तपकिरी माद्या. आमच्याकडे पाहून त्यांनी कान टवकारले, पण उठल्या नाहीत. बाबा तिथेच बांधावर बसले. मला कंटाळा आला, आबा बैलांना पाणी पाजून आले, ऊन वर चढलं. बाबा हलले नाहीत. मग एका मादीच्या गळ्यातून काहीतरी वर आलेलं दिसलं, कातडीखालून एक गोळा सरकावा तसं, आणि तिचा जबडा आडवा हलायला लागला. थांबला. गोळा खाली गेला. पुन्हा दुसरा वर आला. माझ्या बाबांनी हजारो बकऱ्यांना रवंथ करताना पाहिलं होतं. तरी ते त्या एका मादीकडे असे बघत होते जसं कुणी पत्र वाचतं.

त्या रात्रीही त्यांनी डब्यातलंच खाल्लं. चपात्या आता वातड झाल्या होत्या. काकींनी चौथं ताट मांडलं आणि उचललं. अंगणात मी बाबांना गाठलं आणि विचारलं की आता काय राहिलं, दोन्ही खुणा तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यात.

ते म्हणाले की खुणा बरोबर आहेत, तिथे मीच चुकलो. पण शिकाऱ्यांच्या जाळ्यातलं जनावर. कापलं कुणी, कसं, हे मला माहीत नाही. नीट कापलेलं नसेल तर खुणा असून उपयोग नाही.

"मग विचारा ना सरळ काकांना."

"विचारायची वेळ तेव्हा होती, रिबका," बाबा म्हणाले. "आता मी कोणत्या तोंडाने विचारू?"

मला त्यांचा राग आला. इतका नियम पाळणारा माणूस, आणि एक प्रश्न विचारायची हिंमत नाही. आज मी त्या वेळच्या बाबांपेक्षा वयाने मोठी आहे, आणि आता मला कळतं की त्याला किती हिंमत लागते.

शुक्रवारी धुळ्याला जायचं ठरलं. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू होणार, त्यासाठी मनुका हव्या होत्या. द्राक्षाच्या वाइनऐवजी आम्ही मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत करतो आणि त्यावर आशीर्वाद म्हणतो. आबांना बियाणं घ्यायचं होतं, तेही निघाले. सकाळच्या गाडीने धुळं. शहर तेव्हा आटोपशीर होतं, पांझरेच्या काठाने चालत बाजारात जाता यायचं. मनुका चांगल्या मिळाल्या, शेवभाजी मी एका खानावळीत खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नाहीतर कोणी दया करत नाही.

परत स्टेशनाकडे येताना आम्ही चुकून खाटकांच्या गल्लीतून आलो. नुकताच एक बोकड कापला होता आणि रक्त फरशीवरून गटारात वाहत होतं. मी नाकाला पदर लावला. आबा आपल्याच नादात बोलून गेले की गार्डभाऊंनी त्या वर्षी रोही कापली तेव्हा असं नव्हतं.

बाबा जागीच थांबले. त्यांनी आबांना विचारलं की तुम्ही तिथे होतात का. आबांनी सांगितलं, होतो की. खायला नव्हे, त्यांच्या घरात रोही चालत नाही, ती गाय म्हणून. नुसते बघायला गेले होते, सगळं गाव गेलं होतं.

"काय पाहिलंत ते सांगा," बाबा म्हणाले.

"पह्यले भाऊनी सुरी नखवर फिरायी पाही," आबा म्हणाले. "मंग खाले माती टाकी. काहीतरी म्हननात, ते आमले समजनं नही. एकज घाव. मंग वरतीन माती लोटी, बठ्ठं रगत झाकी टाकं. मी इचारं, भाऊ, बोकडनं रगत तुम्ही झाकतस नही, याले माती कसाले? ते बोलनात, हाई जंगलनं जनावर शे, याना रगतले मातीज लागस."

बाबा भिंतीला टेकले. मला आधी वाटलं की त्यांना चक्कर आली. मी त्यांचा हात धरला.

मग त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. सुरीला खाच नाही ना, हे शोहेत नखावर फिरवूनच पाहतो. पाळीव जनावराचं रक्त झाकायचं नसतं. पक्ष्याचं आणि रानातल्या शुद्ध जनावराचं मात्र झाकायचं असतं, खाली माती आणि वर माती, आणि झाकताना वेगळा आशीर्वाद म्हणायचा असतो. मुंबईच्या शोहेताला रानातलं जनावर कधी मिळतच नाही. बाबांनी कोंबड्यांचं रक्त झाकलं होतं, पण रानातल्या जनावराचं आयुष्यात एकदाही नाही. आजोबांनी ते दोघांना फक्त तोंडी शिकवलं होतं. निषिद्ध जनावर मारणारा माणूस ही माती टाकत नाही. चुकूनसुद्धा टाकत नाही. दुष्काळात, भुकेल्या गावासमोर, कोणी तपासणारं नसताना काकांनी ती टाकली होती.

आबा आमच्याकडे पाहत होते. "तुम्ही भाऊले कधी इचारं नही का?" त्यांनी साधेपणाने विचारलं.

 गाडीत बाबांनी मनुकांची पुडी सारा वेळ दोन्ही हातांत धरली होती.

ऊन उतरायच्या आत काकींनी सरबत गाळलं, दिवा लावला, चार ताटं मांडली. भरीत दुपारीच करून ठेवलेलं होतं. बाबा आंघोळ करून आले. कोपऱ्यात त्यांचा पितळी डबा होता, त्यात शेवटची दोन अंडी होती. ते त्याच्याजवळून गेले आणि चौथ्या ताटासमोर बसले.

काका पेला हातात घेऊन उभे होते. थोरला म्हणून आशीर्वाद त्यांनी म्हणायचा.  म्हणून झाल्यावर ते एक घोट प्यायले आणि पेला बाबांपुढे धरला. चौदा वर्षांत बाबांनी या घरातलं काही तोंडाला लावलेलं नव्हतं. त्यांनी पेला घेतला आणि प्यायले.

"वहिनी, मला वाढा," ते म्हणाले.

काकींनी भाकरी वाढली, भरीत वाढलं. थोडं भरीत ताटाबाहेर सांडलं. बाबांनी ते बोटाने उचलून ताटात घेतलं.

"दादा," बाबा म्हणाले, "त्या फोटोत पाय दिसत नव्हते."

काकांनी बाबांकडे पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"पत्रात दिसत होते," ते म्हणाले. मग भरिताचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "जेव आता."

बाबा जेवले. रडत जेवले. मी आणि काकी आमच्या ताटांकडे बघत राहिलो.

शनिवार सगळा घरातच गेला. दोघं भाऊ ओसरीवर आजोबांबद्दल बोलत बसले. रविवारी निघताना काकींनी आमचा डबा भरून दिला: कळण्याच्या भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी. चाळीसगावच्या त्याच बाकावर बसून बाबांनी तो उघडला. आता ती गाडी कशी चालते मला माहीत नाही, पण रस्ता चांगला आहे. चाळीसगावहून धुळं मोटारीने आरामात होतं. हिवाळ्यात गेलात आणि बांधावर रोही दिसल्या तर गाडी थांबवा. सगळे फोटो चेहऱ्याचे काढतात. तुम्ही पायांकडे बघा.

मुंबईला आल्यावर पुढच्या शनिवारी बाबा सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभे राहिले. चौदा वर्षांपूर्वी आपण दिलेला निर्णय चुकीचा होता, आपला भाऊ निर्दोष होता, असं त्यांनी सांगितलं. त्या वेळच्या चार वडीलधाऱ्यांपैकी दोघं हयात होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं की मग नीलगाय आपल्याला चालते का. बाबा म्हणाले, "चालते. माझ्या भावाच्या घरी शिजलेलं तर सगळंच आपल्याला चालणारं होतं."

दोन महिन्यांनी ते इस्रायलला गेले. दोघं भाऊ पुन्हा भेटले नाहीत. पत्रं मात्र येत-जात राहिली, आणि बाबा प्रत्येक पत्र दोनदा वाचत असं आईने कळवलं होतं. मी इथेच राहिले, लग्न करून.

बाबांची निर्णयांची वही माझ्याकडे आहे. जुन्या पानावर तो फोटो चिकटवलेला आहे आणि खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय: एकखुरी, निषिद्ध. ती ओळ त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली पेन्सिलने एक ठसा काढलाय, मधोमध चीर असलेला, आणि लिहिलंय: खूर दुभंगलेला. रवंथ करते. रक्तावर माती घातली होती. दादाने पाहिलं होतं, मी पाहिलं नव्हतं.